तर, तम आणि तारतम्य

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी कोल्हार नावाची दोन गावे आहेत. नगर-मनमाड रस्त्याने उत्तरेकडे निघालात तर पुलाच्या अलीकडे कोल्हार खुर्द लागते, ते राहुरी तालुक्यात. पूल ओलांडला की भगवतीमातेच्या देवळाचे कोल्हार बुद्रुक, ते राहाता तालुक्यात. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी तोंडात झालेले रूप, आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. अशी जोडगावे महाराष्ट्रात जिकडे तिकडे आहेत. गंमत अशी की या नावांत उघड उघड तुलना आहे, पण कोणापेक्षा मोठे आणि कोणापेक्षा लहान हे कोणीच सांगत नाही. दुसरे गाव शेजारी आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, तेवढ्यावर काम भागते.

आता हे ‘बुद्रुक’ इंग्रजीत सांगायची पाळी आली, तर मात्र भागत नाही. मोठे म्हणजे विस्ताराने मोठे की वयाने? ‘बुजुर्ग’ला दोन्ही अर्थ चालतात, मराठी ‘मोठा’लाही चालतात. ‘माझा मोठा भाऊ’ म्हटले की तो उंचीने कितीही ठेंगणा असला तरी मराठी माणूस गोंधळत नाही. इंग्रजीला येथे निवड करावी लागते. आकाराला एक शब्द आणि वयाला दुसरा. आणि वयाचेही पुन्हा दोन, ‘ओल्डर’ आणि ‘एल्डर’. ‘एल्डर’ घरातल्या माणसांपुरता. झाडाला, घराला, गावाला तो लावायचा नाही. शिवाय त्याच्यापुढे ‘दॅन’ येत नाही. ‘एल्डर ब्रदर’ चालेल, ‘एल्डर दॅन मी’ चालणार नाही. म्हणजे हा शब्द तुलनेचा असून तुलना करायला नकार देतो. आमचा ‘थोरला’ नेमका याच वळणाचा आहे. ‘थोरला भाऊ’, ‘थोरली सून’, ‘थोरली पाती’ असे म्हणावे. ‘तो माझ्यापेक्षा थोरला’ म्हणता येते, पण वाक्य जरा अडखळते, तेथे ‘मोठा’च बरा. आणि थोरले बाजीराव थोरले कोणापेक्षा? त्यांच्या हयातीत कोणापेक्षाच नव्हे. पुढे दुसरे बाजीराव झाले म्हणून हे थोरले ठरले.

अशा बारीकसारीक निवडीला मराठीत एक सुरेख शब्द आहे: तारतम्य. संस्कृतात अधिकपणा दाखवायला ‘तर’ आणि सर्वाधिकपणा दाखवायला ‘तम’ हे प्रत्यय लागतात: लघु, लघुतर, लघुतम. या दोन प्रत्ययांची मोट बांधून ‘तारतम्य’ तयार झाला. मूळ अर्थ केवळ कमी-अधिकपणा. मराठीने त्याला शहाणपणाच्या गादीवर बसवले. ‘त्याला तारतम्य नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाला व्याकरण येत नाही असे म्हणायचे नसते. कोठे किती आणि कोणापुढे काय, हे त्याला कळत नाही असे म्हणायचे असते. इंग्रजी व्याकरणातल्या ‘कंपॅरेटिव्ह डिग्री’च्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही.

इंग्रजीचे तारतम्य आपण नियम म्हणून शिकलो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पिढ्याच्या पिढ्या पोसल्या गेल्या, आणि त्या पाठांतून ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ हे समीकरण मुलांच्या डोक्यात घट्ट बसले. मग पुढच्या चुका ठरलेल्याच. ‘चहापेक्षा कॉफी बरी वाटते’ याचे इंग्रजी करताना ‘प्रिफर’नंतर ‘दॅन’ यायचा, आणि मास्तर तेथे लाल शाईने ‘टू’ लिहायचे. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ ही मंडळी लॅटिनमधून आलेली. त्यांनाही ‘दॅन’चे वावडे, ‘टू’च लागतो. ‘जास्त चांगले’ हे आपल्याकडे बिनतक्रार चालते, म्हणून ‘मोअर बेटर’ही लिहिले जायचे. मराठी विशेषण तुलनेसाठी आपला पोशाख बदलत नाही. मऊ ते मऊच. अधिक मऊ, फार मऊ, सर्वांत मऊ. इंग्रजीत एक तर शब्दाला शेपूट लागते किंवा आधी ‘मोअर’ लागतो, दोन्ही नाही. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही लावीत, आणि त्याने स्वतःही लावले आहेत. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ती चाल मोडीत काढली. रॉबर्ट लौथचे व्याकरण १७६२चे, त्यात या दुहेरी रूपांना नावे ठेवलेली आहेत.

मोजता येते तेथे ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्याला ‘लेस’, हा आज कडक मानला जाणारा नियम तर याहून मौजेचा आहे. रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने १७७०च्या एका पुस्तकात आपल्याला तेथे ‘फ्यूअर’ अधिक शोभून दिसतो, अशी आवड नोंदवली होती. आवड एका माणसाची, दंड मात्र साऱ्या जगातल्या विद्यार्थ्यांना! आमच्या ‘कमी’ला माणसेही चालतात आणि पाणीही चालते, आणि त्यामुळे कोणाचा हिशेब चुकल्याचे ऐकिवात नाही.

पण माझी तक्रार इंग्रजीबद्दल नाही. परक्या भाषेतल्या दोन जवळच्या शब्दांमधला फरक आपण घोकून पाठ केला, आणि घरात तसेच जोडशब्द असताना त्यांच्याकडे पाहिलेच नाही, हे मला खटकते. ‘पेक्षा’ आणि ‘हून’ हेच पाहा ना. शाळेच्या व्याकरणात ‘ऊन, हून’ पंचमीचे प्रत्यय आणि ‘पेक्षा’ शब्दयोगी अव्यय, एवढे सांगून पुढचा धडा सुरू होतो. दोघांचा अर्थ एकच, हवे ते वापरा, असा समज होतो.

तो समज खरा नाही. पंचमी म्हणजे निघण्याची जागा. ‘नगरहून आला’ आणि ‘नगरहून मोठे’ यांत प्रत्यय एकच आहे. पहिल्यात माणूस नगरपासून निघून इकडे आला, दुसऱ्यात मोठेपणा नगरपर्यंत पोचून त्याच्या पुढे गेला. ‘पेक्षा’ मात्र संस्कृत ‘अपेक्षा’तून आला आहे, अमक्याकडे नजर ठेवून पाहिले असता, असा त्याचा रोख. ‘नगरपेक्षा आला’ असे कोणी म्हणत नाही. म्हणून माझ्या कानाला असे वाटते की ‘हून’ वापरला की दोन्ही गोष्टी एकाच वाटेवर असतात, फक्त एक पुढे असते. ‘हा आंबा गोड, तो त्याहून गोड’; दोन्ही गोडच. ‘पेक्षा’ला अशी अट नाही. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ या म्हणीत दगड मऊ नाही आणि वीटही मऊ नाही. दोन वाइटांतले एक पत्करायचे आहे. ‘नाकापेक्षा मोती जड’ म्हणताना नाक जड असल्याची कोणाची तक्रार नसते. या म्हणींत ‘हून’ घालून पाहा: ‘दगडाहून वीट मऊ’. ऐकणारा विचारील, दगड कधीपासून मऊ झाला? इंग्रजीला हा फरक करायचा झाला तर वेगळा शब्द घ्यावा लागतो. नुसते ‘बेटर’ म्हटले तर पहिले चांगले होते की नव्हते याचा पत्ता लागत नाही. ‘ईव्हन बेटर’ म्हटले की पहिलेही चांगले होते हे कबूल झाले. आमचा ‘त्याहूनही’ म्हणजे तोच ‘ईव्हन’.

हा नियम नव्हे, कल आहे. ‘एकाहून एक सरस’ म्हणतात तसे ‘एकापेक्षा एक’ही म्हणतात, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पण कवींना ‘हून’चे एवढे प्रेम का, याचे उत्तर या कलातच आहे. जुन्या अलंकारशास्त्रात व्यतिरेक नावाचा अलंकार आहे. ज्याची उपमा द्यायची ती वस्तू त्या गुणाचे शिखर असते, आणि वर्ण्य वस्तू त्या शिखराच्याही वर जाते. अमृत गोड असल्याशिवाय अमृतापलीकडच्या गोडीला काही अर्थ नाही. तेथे ‘पेक्षा’ बसवला की शिखराची टेकडी होते. दुकानात दोन जिनसा शेजारी ठेवून पाहिल्यासारखे वाटू लागते.

कोल्हारावरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते, आणि त्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली. तुलनेच्या इतक्या तऱ्हा एका ग्रंथात मराठीने पुन्हा क्वचितच दाखवल्या असतील. ‘जैसे’ आणि ‘तैसे’ यांची जोडी तर ओवीओवीला आहे. एका दाखल्याने समाधान झाले नाही की ‘कां’ म्हणून दुसरा, ‘ना तरी’ म्हणून तिसरा. आणि मराठीच्या बोलांची गोडी सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी ‘अधिक’ असा शब्द वापरण्याऐवजी अमृताशी पैज लावली. पैज जिंकणे हीसुद्धा तुलनाच, तिच्यासाठी ‘पेक्षा’ही नको आणि ‘हून’ही नको. ‘शेरास सव्वाशेर’, ‘चोरावर मोर’ या म्हणी त्याच कुळातल्या. वजनात पाव शेर जास्त टाकला की काम झाले. खेड्यातल्या बोलीत अजून ‘परीस’ ऐकू येतो, ‘वानी’ ऐकू येतो. ‘त्याच्यापरीस ह्यो बरा’ हे वाक्य छापील मराठीने कधीच घराबाहेर काढले. ते गेल्याने आपण गरीब झालो, हे सांगायला व्याकरणकार कशाला हवा?

दोन जवळचे शब्द एकच मानले तर घरात केवढा घोटाळा होऊ शकतो, याचे उदाहरण ‘वेगळा’ हा शब्द देतो. ‘तो भावाहून वेगळा आहे’ म्हणजे स्वभाव निराळा. ‘तो भावापासून वेगळा आहे’ म्हणजे चूल निराळी, आणि बहुधा सातबाराही निराळा. इंग्रजीत ‘डिफरंट’नंतर ‘फ्रॉम’ घ्यावा, ‘टू’ घ्यावा की ‘दॅन’ घ्यावा यावर पंडितांनी रण माजवले. पण तिन्हींचा अर्थ अखेर एकच होतो. आमच्याकडे एका प्रत्ययाने वाटणीपत्र तयार होते.

उलट कोठे कोठे मराठीही वाचकाला बुचकळ्यात टाकते, हे मान्य केले पाहिजे. ‘रमेचा आईपेक्षा माझ्यावर जास्त जीव आहे’ असे आजी म्हणाली. म्हणजे रमेचा आईवर जितका जीव आहे त्याहून आजीवर जास्त, की आईचा आजीवर जितका आहे त्याहून रमेचा जास्त? पहिल्या अर्थी नातीचे कौतुक. दुसऱ्या अर्थी सुनेला टोमणा. आजीला बहुधा दोन्ही म्हणायचे असते. इंग्रजीत ‘दॅन ही’ आणि ‘दॅन हिम’ अशी सर्वनामांची निवड काळजीपूर्वक केली तर अर्थ फुटतो; नाव घातले की त्यांचीही आजी होते. मराठीत अर्थ फोडायचा तर ‘आईवर आहे त्यापेक्षा’ असे आखे वाक्य घालावे लागते.

‘लाइक’ आणि ‘अ‍ॅज’ यांच्यातला भेद इंग्रजी शिकणाऱ्याला फार छळतो, पण मराठी माणसाने त्याला भिण्याचे काही कारण नाही. ‘तो शिक्षकासारखा बोलला’ आणि ‘तो शिक्षक म्हणून बोलला’: पहिला शिक्षक नाही, दुसरा आहे. ‘कंपेअर टू’ आणि ‘कंपेअर विथ’ यांचेही तसेच. पहिला म्हणजे उपमा देणे, दुसरा म्हणजे तुलना करणे. मुखाला चंद्राची उपमा देतात. मुख आणि चंद्र यांची तुलना करायला बसलात तर खळगे आणि डाग मोजावे लागतील, आणि घरात बोलणे बंद होईल. ज्या भाषेत हे दोन शब्द आधीपासून वेगळे आहेत, त्या भाषेतल्या मुलाला इंग्रजीचा हा नियम नियम म्हणून घोकायला लावणे म्हणजे विहिरीच्या काठी राहणाऱ्याला पाणी विकत देणे होय.

आता जेथे प्रश्न नुसत्या कानाचा राहत नाही, पैशाचा होतो, तेथे येऊ. वर्तमानपत्रांत आणि बातम्यांत ‘तीन पट अधिक’, ‘तीन पट कमी’, ‘दुपटीने वाढ’ असे शब्द रोज दिसतात. ‘तीन पट कमी’ म्हणजे काय? शंभरातून तीन वेळा शंभर वजा केले तर उणे दोनशे उरतात. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते ‘एक तृतीयांश’, साध्या मराठीत ‘तिसरा हिस्सा’. ‘तीन पट अधिक’ म्हणजे तीनशे की मूळचे शंभर धरून चारशे, यावर इंग्रजीत पुष्कळ वाद झाला आहे, आणि तो वाद आपण शब्दासकट उचलून आणला. मराठीच्या हिशेबात तो मुळात नव्हता. ‘तिप्पट’ म्हणजे तीनशे. ‘सवाईने’ धान्य उचलले तर मणाला सव्वा मण परत, ‘दिढीने’ उचलले तर दीड मण. आकडा एकूण रकमेचा असतो. वाढीव भागाचा नव्हे. माधवराव सवाई झाले, रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले, ते याच मापाने.

याच मापावर एके काळी माणसांची घरेदारे उभी होती. दामदुप्पट हा हिंदू कायद्यातला जुना नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाच्या पुढे जाता कामा नये, असा त्याचा आशय. शंभर दिले, तर व्याज फार तर शंभर, मिळून दोनशे. या जागी कोणी ‘दोन पट अधिक’ असे लिहिले असते आणि वकिलाने त्याचा अर्थ मुद्दल अधिक दोनशे असा लावला असता, तर कुणब्याच्या डोक्यावर आणखी शंभर बसले असते. सावकारांना इतक्या आडवळणाने जावे लागले नाही. ते जुना रोखा फाडून नवा लिहून घेत. साचलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून बसे, आणि दामदुप्पट पुन्हा पहिल्यापासून मोजली जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जे दंगे सुरू झाले ते नगर जिल्ह्यातही पसरले, आणि त्यांत शेतकऱ्यांचा राग होता तो रोख्यांवर; कागद हाती लागला की तो जाळीत. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. कागदावरचा ‘मुद्दल’ हा शब्द खरा की खोटा, हे पाहता येऊ लागले.

आजच्या कर्जदारापुढे रोखा नसतो, छापील पत्र असते. व्याजाचा दर आठावरून दहावर गेला, की एकजण म्हणतो ‘दोन टक्क्यांनी वाढला’, दुसरा म्हणतो ‘पंचवीस टक्क्यांनी वाढला’. दोघेही खरे बोलत असतात! आमचे जुने लोक ‘दरसाल दर शेकडा आठ होता तो दहा झाला’ असे म्हणत. लांबण लागते खरे, पण दोन्ही टोके ऐकणाऱ्याच्या हाती येतात आणि मधले अंतर तो स्वतः मोजतो.

असाच एक चांगला शब्द आपण हातचा घालवत आहोत. ‘पावसाच्या मानाने पीक बरे आहे’, ‘वयाच्या मानाने पोरगा समजूतदार आहे’. येथे पीक आणि पाऊस यांची तुलना नाही. पाऊस हे माप आहे, आणि त्या मापाने जेवढे अपेक्षित होते त्याहून हाती आलेले जास्त आहे. कोल्हारच्या रानात उभा राहून कोणी शेतकरी असे म्हणाला, तर त्या एका वाक्यात यंदाचा पाऊस, यंदाचे पीक आणि त्याचा स्वतःचा अनुभव, तिन्ही येतात. आता लिहितात ‘पावसाच्या तुलनेत पीक चांगले आहे’. पावसाची आणि पिकाची तुलना कशी करायची, कोणत्या तराजूत घालायची? ‘गेल्या वर्षीच्या तुलनेत’ हे शोभते, कारण दोन्हीकडे वर्षेच आहेत. पण ‘च्या तुलनेत’ हा शब्द आता असा सरसकट पसरला आहे की ‘मानाने’, ‘पुढे’, ‘पेक्षा’ आणि ‘हून’ या चौघांच्या जागा त्याने एकट्याने अडवल्या.

आणि हा रोग आमच्या टीकालेखनात अधिक आहे, म्हणून दिवाळीच्या दिवसांत ही कटकट. ‘मराठीतल्या सर्वश्रेष्ठ कादंबऱ्यांपैकी एक’ हे वाक्य कोणत्याही परीक्षणात आज सापडेल. ते इंग्रजीतून जसेच्या तसे उचललेले आहे, आणि वर ‘श्रेष्ठ’ हे संस्कृतात आधीच सर्वाधिकपणाचे रूप. त्याला ‘सर्व’ लावले, कोणी ‘तम’ही लावतात, आणि मग ‘पैकी एक’ म्हणून सगळे परत घेतात. सर्वांत श्रेष्ठ एकच असेल ना? ‘ज्येष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ हीही तशीच टोकाची रूपे, पण मराठीत ती कधीच निवली आणि साधी विशेषणे झाली, त्याबद्दल कोणी भांडू नये. ‘सीनियर सिटिझन’चा ‘ज्येष्ठ नागरिक’ करताना लॅटिनचा ‘तर’ संस्कृतच्या ‘तम’वर जाऊन बसला, म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांना एक पायरी बढतीच मिळाली. पण पुस्तकाला बढती देताना परीक्षकाने जरा थांबावे. ‘मोजक्या चांगल्या कादंबऱ्यांतली’ असे म्हटले तर लेखकाचा मान कमी होत नाही आणि वाचकाचा विश्वास उरतो.

याबाबत घरातल्या बायकांची भाषा परीक्षकांच्या भाषेहून कितीतरी काटेकोर असते. दिवाळीच्या फराळावर त्या कसा निकाल देतात ते कान देऊन ऐकावे. ‘चकली बरी झाली’, ‘यंदा बरी झाली’, ‘तुपाच्या मानाने लाडू बरे झाले’, ‘करंज्या तुझ्या आईइतक्या नाहीत, पण चांगल्या आहेत’, ‘शंकरपाळे त्यातल्या त्यात बरे’. या शेवटच्या ‘त्यातल्या त्यात’चे इंग्रजी कोणाला साधेल तर पाहावे. एकूण ताट पडलेलेच आहे, त्या पडलेल्यांत उभे राहिलेले हे एक, शिवाय सांगणारीला फार दुखवायचे नाही, इतके सारे त्या दोन शब्दांत बसते; आणि ऐकणारी सून ते सारे ऐकून, न बोलता, शंकरपाळ्यांचा डबा पुढे सरकवते आणि चिवड्याचा मागे.